घाटमाथ्यापासून नरसोबाच्या वाडीपर्यंत : पाण्यामागून गेलेली भूगोलाची क्षेत्रभेट

अकरावीच्या भूगोलात विदारण आणि विस्तृत झीज, म्हणजे खडक कुजणं-फुटणं आणि उतारावरून खाली येणं, हा एक पाठ, जागतिक हवामान बदल हा दुसरा आणि आपत्ती व्यवस्थापन अगदी शेवटी. वर्गात शिकवताना त्यांच्यामध्ये महिने जातात. शेवटचा पाठ तर परीक्षा दारात आल्यावर घाईनं उरकला जातो. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात मात्र हे तिन्ही पाठ जून ते सप्टेंबर एकाच वेळी, एकाच पाण्यातून घडत असतात. आज माझ्यासमोर बसणारी मुलं २०१९ च्या महापुरात दहा वर्षांची होती. त्यांच्यातल्या काहींनी आयुष्यातली पहिली होडी स्वतःच्या गल्लीत पाहिली. त्यांना पुराची व्याख्या पाठ करायला लावायची आणि पुढच्या पाठाकडं वळायचं, हे मला पटेना.

म्हणून यंदा ठरवलं, पाणी जिथं पडतं तिथून निघायचं आणि ते जिल्हा सोडतं तिथपर्यंत त्याच्या मागोमाग जायचं. भर पावसात मुलांना घाटात न्यायचं नव्हतं. सहामाही परीक्षा झाली, दिवाळीच्या सुट्टीला अवकाश होता, भातं कापणीला आली होती. एसटीची गाडी ठरवली. प्रत्येक गटाकडं स्थलनिर्देशक नकाशाची प्रत, सुतळीचा तुकडा, मोजपट्टी आणि वही. रोज सकाळी निघायचं, संध्याकाळी घरी.

गुरुवार : गगनबावडा

कोल्हापूर सोडल्यावर बालिंग्याचा पूल, मग कळे, साळवण. रस्त्याच्या दोन्ही अंगांना आधी ऊस, मग हळूहळू भात, मग डोंगर. साधारण पंचावन्न किलोमीटरचं हे अंतर, पण पावसाच्या हिशेबानं दोन वेगळे देश. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गगनबावड्यात पाच हजारांच्या पुढं. आणि शहरापासून तेवढंच अंतर पूर्वेला शिरोळकडं गेलं की पाचशे-सहाशेवर येतो. प्रतिरोध पाऊस आणि पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवताना आम्ही फळ्यावर एक डोंगर काढतो, डावीकडं ढग, उजवीकडं कोरडी जमीन. इथं तो फळा शंभर किलोमीटर लांबीचा आहे आणि आपली माणसं त्याच्यावर राहतात.

गगनगडावर चढून गेलो. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा सरळ खाली कोकणात उतरतो. पूर्वेला जमीन हलक्या उतारानं पसरत जाते. एका मुलीला विचारलं, तू इथं बाटलीतलं पाणी ओतलंस तर कुठं जाईल? ती म्हणाली, "कुठल्या बाजूला ओतते त्यावर आहे, सर." अगदी बरोबर. पश्चिमेला ओतलेलं पाणी लवकरच अरबी समुद्र गाठेल. पूर्वेला ओतलेलं कुंभीतून पंचगंगेत, पंचगंगेतून कृष्णेत आणि मग सगळं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात. जलविभाजक म्हणजे काय हे त्या मुलांना आता पुन्हा सांगावं लागणार नाही.

तिथून करूळ घाटाच्या तोंडाशी आलो. कोल्हापूरकरांना या घाटातली आणि शेजारच्या भुईबावडा घाटातली दरड नवी नाही. पावसाळ्यात कधी एक रस्ता बंद, कधी दुसरा. गाडी सुरक्षित जागी उभी करून रस्त्यासाठी कापलेली डोंगराची बाजू लांबूनच पाहिली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक, आणि काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबडा, मातकट पट्टा. कठीण बेसॉल्टच्या भेगांतून पाणी खाली झिरपतं आणि या मऊ पट्ट्यापाशी अडकतं. वरून कुजलेल्या खडकाचा आणि मातीचा भार, खालून डोंगराचा पाय रस्त्यासाठी कापलेला. सलग काही दिवसांच्या पावसानं माती गच्च भिजली की तिच्या कणांमधली पकड सुटते आणि उतारावरचा भार खाली येतो. पाऊस शेवटचं निमित्त असतो. तयारी आधीपासून झालेली असते.

इथं मी मुलांना दरडीखाली गेलेल्या गावांची तीन नावं लिहायला सांगितली. माळीण, ३० जुलै २०१४, दीडशेहून जास्त माणसं. तळीये, २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३, तीही रात्रीच्या वेळी. ही तिन्ही गावं आपल्याच सह्याद्रीतली, आपल्यासारखंच बोलणारी. पाठ्यपुस्तकात त्सुनामी आणि ज्वालामुखीची चित्रं असतात, ती असावीतच, पण घाटाखाली आजोळ असलेल्या मुलाला आधी हे कळायला हवं की डोंगरउताराला नवे तडे दिसले, विजेचे खांब किंवा झाडं कलायला लागली, नेहमीच्या झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर रात्र उजाडायची वाट बघायची नाही. हे वाक्य मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं. पाठांतराला माझा एरवी विरोध असतो, इथं नाही.

परतताना गाडीत हवामान बदलाचा विषय निघाला. हवेचं तापमान एक अंशानं वाढलं की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते, हे नियमानं सांगता येतं. अरबी समुद्र तापतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलं की मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या. एका विशिष्ट पुराकडं बोट दाखवून "हा हवामान बदलामुळंच आला" असं एवढ्यावरून म्हणता येत नाही, हेही त्यांना सांगितलं. फासा जड झाला आहे, एवढंच खात्रीनं म्हणता येतं. प्रत्येक दान त्यामुळंच पडलं असं नाही.

शुक्रवार : राधानगरी

दाजीपूरच्या जंगलात थांबायचा मोह झाला होता. १९५८ पासूनचं हे राज्यातलं सर्वांत जुनं अभयारण्य, गव्यांसाठी राखलेलं, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत. पण जंगल पाहायला दिवस हवा, आणि आमचं काम धरणावर होतं. एवढं मात्र रस्त्यातून दाखवलं की जिथं दाट झाडी आहे तिथल्या ओढ्यांचं पाणी ऑक्टोबरातही नितळ वाहतं आणि जिथं डोंगर बोडका आहे तिथला ओढा आटायला लागला आहे.

राधानगरी धरण कोल्हापूरकरांच्या मनात शाहू महाराजांचं धरण आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, संस्थानाच्या तिजोरीवर भार घेऊन महाराजांनी भोगावतीवर हे काम हाती घेतलं. पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडली. दुष्काळ पाहिलेल्या राजानं पाणी साठवण्यासाठी बांधलेलं हे धरण आहे. हा हेतू लक्षात ठेवला की पुढचा सगळा प्रश्न समजतो.

साठा ८.३६ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. आकडा मोठा वाटतो, पण डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. म्हणून धरणाच्या कडेला सावलीत बसून गणित घातलं. शंभर चौरस किलोमीटर डोंगरावर एका दिवसात तीनशे मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी? वह्या निघाल्या. शंभर चौरस किलोमीटर म्हणजे दहा कोटी चौरस मीटर, गुणिले ०.३ मीटर, म्हणजे तीन कोटी घनमीटर. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. म्हणजे एका दिवसाच्या एका मोठ्या पावसात, जमिनीनं काहीच शोषलं नाही असं धरलं, तर एक टीएमसीहून थोडं जास्त. मुलं गप्प झाली. असे आठ दिवस लागून आले तर?

आता दुसरी बाजू. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे हा इथला अभिमानाचा विषय. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की दाबानं दरवाजा आपोआप उचलला जातो. वीज नको, माणूस नको. पाणी उतरलं की आपोआप बसतो. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट. सातही उघडले की दहा हजार क्युसेकच्या जवळ. मुलांनी दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणलं : ०.८६ टीएमसी. म्हणजे सात दरवाजे दिवसभर उघडे राहिले तरी एका तशा मोठ्या दिवसाचं पाणी पुरतं बाहेर जात नाही. कोल्हापुरात पावसाळ्यात "राधानगरीचा चौथा दरवाजा उघडला" ही बातमी फोनवर येते आणि नदीकाठचं घर सामान बांधायला लागतं. त्या बातमीमागचं गणित त्या दिवशी मुलांच्या हातात आलं.

एका मुलानं विचारलं, "मग जुलैत धरण रिकामंच का ठेवत नाहीत?" मला याच प्रश्नाची वाट होती. या खोऱ्यातली धरणं पूर अडवायला बांधलेली नाहीत; ती सिंचनाला, पिण्याला आणि विजेला पाणी साठवायला बांधली आहेत. उन्हाळ्यात उसाला आणि शहराला पाणी लागतं, म्हणून पावसाळा संपता संपता धरण भरलेलं हवं. पूर टाळायला ते ऐन पावसाळ्यात थोडं रिकामं हवं. दोन्ही गोष्टी एकाच भिंतीकडून मागायच्या म्हटल्या की कुठल्या तारखेला किती पाणी ठेवायचं हा वाद सुरू होतो. ऑगस्टात पाऊस भरपूर पडणार याचा अंदाज दोन-तीन आठवडे आधी पक्का कळला तर हा वाद पुष्कळ सोपा होईल. धरणाचं व्यवस्थापन आता सिमेंटपेक्षा हवामानाच्या अंदाजावर जास्त अवलंबून आहे, आणि अकरावीतल्या कुणाला तरी पुढं हवामानशास्त्रात जावंसं वाटलं तर मला त्याचा फार आनंद होईल. हे मी मुलांना तिथंच बोलून दाखवलं.

उतरताना वाटेत एक कोल्हापूर पद्धतीचा बंधारा लागला. पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायचे, पाणी मोकळं जाऊ द्यायचं. पाऊस सरला की बरगे घालून पाणी अडवायचं. काठावर बरग्यांची थप्पी लागलेली होती. नदीला चार महिने तिची वाट द्यायची आणि मग आपल्या गरजेपुरतं अडवायचं, यामागचा विचार मला आजही मोठमोठ्या योजनांपेक्षा मोलाचा वाटतो.

शनिवार : पन्हाळा, चिखली, सोनतळी आणि शहर

सकाळी पन्हाळ्यावर थोडाच वेळ दिला. २०२५ मध्ये हा गड मराठा लष्करी स्थापत्याच्या जागतिक वारसा यादीत गेल्यापासून गर्दी वाढली आहे. आम्हाला पाहायचा होता तो जुलै २०२१ मध्ये खचलेला मुख्य रस्ता. त्या वेळी गडाचा वाहनमार्गच तुटला होता. वर जांभ्याची टोपी, खाली बेसॉल्ट. जांभा पाणी पितो आणि खालच्या थरावरून ते बाजूला निघतं. गुरुवारी घाटात शिकलेलं मुलांनी इथं स्वतःहून सांगितलं. पुढं निघालो.

प्रयाग चिखली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकमानसातली सरस्वती, या पाच नद्या मिळून इथून पुढं पंचगंगा. नकाशावर सुतळी ठेवून नदीची वळणं मोजायला लावली. इथून नरसोबाच्या वाडीपर्यंत सरळ रेषेत अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, आणि नदीच्या वाटेनं ऐंशी. म्हणजे डोंगरातून धावत आलेलं पाणी इथं पोचल्यावर जवळजवळ दुप्पट वाट चालतं. उतार संपला की नदी नागमोडी होते, हळू होते, पसरते. काठची काळी मळीची रानं तिनंच आणून टाकलेल्या गाळाची आहेत. पूरमैदान हा शब्द पुस्तकात आहे. त्यातल्या "मैदान" शब्दाकडं लक्ष जातं, "पूर" शब्दाकडं जात नाही. ही जमीन नदीची आहे, काही वर्षांनी नदी ती वापरायला येते.

१९८९ च्या पुरानंतर चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना वर, सोनतळीला जागा दिल्या गेल्या. पुनर्वसन झालं, घरं उभी राहिली, आणि गाव तरीही खालीच राहिलं. २०१९ ला याच गावांतून माणसं होड्यांनी काढावी लागली. बाहेरचा माणूस लगेच म्हणतो, लोक हट्टी आहेत. एका कट्ट्यावर बसलेल्या आजोबांना मुलांनी हाच प्रश्न जरा आडवळणानं विचारला. ते म्हणाले, "सोनतळीला घर हाय की. पर रान हितं, म्हसरं हितं, डेअरी हितं. पहाटं चारला धार काढायला तिथनं यायचं व्हय?" शेजारच्या आजी म्हणाल्या, "आमी गेल्या डावाला माळ्यावर चढून बसलो न् अडाकलो. आता पाणी उंबऱ्याला लागायच्या आदी जनावरं सोडतोय न् निघतोय. कळलंया आता."

मुलांनी हे जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि सोनतळीला गेल्यावर चर्चा झाली. एक गट म्हणाला, गाव हलवलंच पाहिजे, सरकारनं सक्ती करावी. दुसरा म्हणाला, गोठ्यासाठी आणि चाऱ्यासाठी वर जागा दिल्याशिवाय माणसं हलणार नाहीत. मी दुसऱ्या गटाच्या बाजूचा आहे. पुनर्वसनाच्या कागदावर माणशी चौरस फूट लिहिले जातात; ज्या घराची चूल दुधावर चालते त्याला म्हशीचे चौरस फूट लागतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वेळी पाणी वाढताना पुष्कळ माणसं घरात थांबली ती दावणीच्या जनावरांमुळं, हे नदीकाठच्या कुणालाही विचारा. सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी बोट उलटून माणसं गेली, ती शेवटच्या घटकेला बाहेर पडणारी माणसं होती. वेळेवर निघता यावं म्हणून जनावरांची सोय आधी झाली पाहिजे. हा मुद्दा मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात दिसलेला नाही, आणि तो चिखलीच्या कट्ट्यावर दहा मिनिटांत समजतो.

दुपारी शहरात. पंचगंगा घाट, मग गायकवाड वाडा, मग जामदार क्लब. पाणी जामदार क्लबापर्यंत आलं की जुन्या कोल्हापूरकराला पुढचं कळतं : सुतारवाड्यातली कुटुंबं आधी हलणार, जयंती नाल्यातून पाणी उलटं शहरात शिरणार, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत अर्धवट रंगवलेल्या गणपतीच्या मूर्ती उचलायची धावपळ होणार. पूर नेमका गणेशोत्सवाच्या तोंडावर येतो आणि वर्षाची कमाई ओल्या शाडूत बसते. त्या गल्लीतल्या एका मुलीनं आम्हाला स्वतःच्या घराच्या भिंतीवरच्या दोन खुणा दाखवल्या, २०१९ ची आणि २०२१ ची, दोन्ही तिच्या डोक्याच्या वर. वर्गात कधी फारशी न बोलणारी ती मुलगी त्या दिवशी आमची शिक्षिका होती.

शेवटी कसबा बावड्याचा राजाराम बंधारा. इथली पाणीपातळी सगळा जिल्हा पाहतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ ला पाणी साडेपंचावन्न फुटांवर गेलं, २०२१ ला त्याच्याही थोडं वर. २०२४ च्या जुलैतही धोक्याची खूण ओलांडली.

पूररेषेचा विषय इथं घेतला. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी रेषा असते ती सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांत एकदाच्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये नियंत्रण हवं, असा साधारण नियम. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे मोठा पूर येऊन गेला की पुढची शंभर वर्षं निवांत?" हा समज मोठ्या माणसांतही आहे, म्हणून त्यावर बराच वेळ घालवला. शंभर वर्षांत एकदा याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक एवढी शक्यता. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता घटत नाही. २०१९ नंतर दोनच वर्षांनी २०२१ आला, हे आपण पाहिलं.

आणि त्याहून मोठी गोष्ट. या रेषा मागच्या पावसाच्या आणि मागच्या पुरांच्या नोंदींवरून काढल्या जातात. पाऊस पूर्वीसारखाच पडत राहील हे त्यात गृहीत आहे. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. घाटमाथ्यावरची अतिवृष्टी वाढत असेल, तर कालच्या नोंदींवरची लाल रेषा उद्या पुरेशी ठरणार नाही. तरीही शहरात लोक तीच रेषा आणखी आत सरकवायच्या गोष्टी करतात, प्लॉट मोकळे व्हावेत म्हणून. मला याचं फार वाईट वाटतं. हवामान बदलाचा पाठ आणि नदीकाठचा बांधकाम परवाना यांचा एवढा थेट संबंध आहे, आणि तो मतदार होण्याआधी या मुलांना कळायलाच हवा.

रविवार : शिरोळ तालुका

सकाळी महामार्गावरून निघालो. पुणे-बंगळूर रस्ता २०१९ ला शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. शहराला दूध, भाजी, पेट्रोल मिळेना. मुलांना रस्त्याचा भराव पाहायला लावला. पूरमैदानात उंच भराव घातला की रस्ता वाचतो, पण पसरत जाणाऱ्या पाण्याला तो आडवा बांध होतो. भरावाऐवजी कमानींचा पूल मागणारी माणसं या भागात आहेत, आणि त्यांचं म्हणणं भूगोलाच्या कसोटीवर बरोबर आहे.

शिरोळच्या काळ्या रानात गाडी थांबवली. इकडं पाऊस कमी, पण पाणी भरपूर, कारण ते नदीतून उपसून आणलेलं. ऊस डोक्याच्या वर. आणि मध्येच काही रानं पांढरी, मिठासारखा थर, त्यात काही उगवत नाही. क्षारपड. जास्त पाणी, निचरा नाही, जमिनीखालची पातळी वर येते आणि क्षार वर सोडून पाणी वाफ होऊन जातं. पूर चार दिवसांत दिसतो, टीव्हीवर येतो. ही आपत्ती वीस-तीस वर्षं घेते, म्हणून तिची बातमी होत नाही. एका शेतकऱ्यानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा केलेलं रान दाखवलं, पुन्हा हिरवं झालेलं. खर्च मोठा, आणि निचऱ्याचं पाणी पुढं सोडायचं तर शेजाऱ्यांनी एकत्र यायला हवं. एकट्याचं काम नाही. मुलं इथून हलेनात. पायाखालची जमीन हातात घेऊन, जिभेला लावून बघायची परवानगी वर्गात कुठली मिळते?

नरसोबाच्या वाडीला संगमावर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. कृष्णा रुंद, संथ; पंचगंगा तिला येऊन मिळते. जुलै-ऑगस्टात दोन्हीकडं पाणी चढतं, मंदिराच्या गाभाऱ्यात उत्तरेकडून शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडतं. तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नानाला माणसं लांबून येतात. पाणी आणखी वाढलं की देवाची उत्सवमूर्ती वरच्या मंदिरात हलवतात. पूर येणार हे गृहीत धरून वर्षाचा क्रम लावणारं हे गाव आहे. देवाला हलवायची जागा ठरलेली आहे. तशीच प्रत्येक घराला हलायची जागा आणि वेळ ठरलेली हवी, असं तिथल्या पायऱ्यांवर बसून बोललो.

इथं "फूग" हा या भागातला शब्द मुलांकडूनच आला. कृष्णेत पाणी जास्त असलं की पंचगंगेला आत शिरता येत नाही, ती मागं फुगते. मग कुणीतरी अलमट्टीचं नाव काढलंच. कर्नाटकातलं हे धरण सध्या ५१९.६ मीटरपर्यंत भरतं, ते ५२४.२५६ मीटरपर्यंत भरायचा तिथल्या सरकारचा प्रयत्न आहे आणि आपल्याकडं त्याला तीव्र विरोध आहे. इथं जवळजवळ प्रत्येकाला खात्री आहे की आपला महापूर अलमट्टीमुळं येतो. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं मात्र २०२० च्या अहवालात त्या पुराला अलमट्टीचा फुगवटा कारणीभूत नसल्याचं म्हटलं, आणि नदीच्या वाटेतल्या अतिक्रमणांकडं लक्ष वेधलं. मुलं चिडली. घरी ऐकलेलं वेगळं, अहवालात वेगळं. मी त्यांना सांगितलं, चिडू नका, नकाशा उघडा : अंतर किती, उंचीचा फरक किती, मधे कुठली धरणं-बंधारे, कुठल्या तारखेला कुठं किती पाणी होतं. आज जेवढ्या उंचीवर धरण आहे त्याबद्दलचा निष्कर्ष उद्या उंची वाढल्यावरही लागू होईल असं नाही, म्हणून विरोध करणाऱ्यांनी अहवाल वाचलाच पाहिजे आणि अहवाल मानणाऱ्यांनी नवा अभ्यास मागितलाच पाहिजे. माझं स्वतःचं मत असं की शेजारच्या राज्याकडं बोट दाखवताना आपल्या शहरातले बुजवलेले ओढे, नदीत टाकलेले भराव आणि निळ्या रेषेतल्या इमारती यांच्यावरची नजर हटू नये. ती आपल्या हातातली गोष्ट आहे.

खिद्रापूरला जायला उशीर झाला, पण गेलो. बाराव्या शतकातलं कोपेश्वर मंदिर कृष्णेच्या वळणात उभं आहे; पुराच्या काळात गावाला पाण्याचा वेढा पडतो. स्वर्गमंडपाखाली मुलांनी फोटो काढले, मी त्यांना थोडा वेळ मोकळं सोडलं.

गाडीत परत निघण्याआधी सुट्टीचं काम ठरवलं. प्रत्येकानं आपल्या गल्लीतल्या किंवा आजोळच्या गावातल्या पुराच्या खुणा शोधायच्या, १९८९, २००५, २०१९, २०२१, ज्या मिळतील त्या; जमिनीपासून उंची मोजपट्टीनं घ्यायची; घरातल्या मोठ्यांना विचारायचं की पाणी कुठल्या बाजूनं आलं, निघायला किती वेळ मिळाला, जनावरं कुठं नेली. डोंगरातल्या मुलांनी तडे, झरे आणि कललेली झाडं नोंदवायची. दिवाळीनंतर सगळं एका मोठ्या नकाशावर उतरवायचं, निळी-लाल रेषा त्यावर टाकायची आणि कुठल्या खुणा रेषेच्या बाहेर पडतात ते पाहायचं. चिखली आणि शिरोळकडच्या मुलांनी आणखी एक गोष्ट मागून घेतली : गावात चाऱ्यासह जनावरं ठेवता येईल अशी उंचावरची जागा कुठं आहे, ती कुणाची आहे, आणि तिथंपर्यंतचा रस्ता किती फुटांना बुडतो. हा नकाशा मे महिन्यात, पावसाळ्याची तयारी सुरू होते तेव्हा, त्या त्या ग्रामपंचायतीत मुलं स्वतः नेऊन देणार आहेत.